स्क्रीन ज्याला दिसत नाही

त्या एका स्क्रीनवर एकेचाळीस रकाने होते. शेतकऱ्याचं नाव, गाव, तालुका, गट क्रमांक, सातबाऱ्यावरचं क्षेत्र, धानाचा प्रकार, कट्टे, वजन, ओलावा, बारदाना नवा की जुना, गोदाम, थप्पी, हमाली, बँक, खाते क्रमांक. वरच्या पट्टीत बारीक चित्रांची बटणं होती आणि निम्म्या चित्रांचा अर्थ बघून लागत नव्हता. मी डिझाइनच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. नागपूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत युएक्स इंटर्न म्हणून रुजू झाले आणि पहिलंच काम हातात आलं ते हे: ही स्क्रीन सोपी करायची.

कॉलेजात आम्ही जेवण मागवायची, तिकीट काढायची अ‍ॅप रेखाटली होती. माणूस चार टिचक्यांत काम आटोपून बाहेर कसा पडेल, एवढाच तिथं प्रश्न असायचा. इथं माणूस सकाळी स्क्रीन उघडतो आणि अंधार पडेपर्यंत तिच्यासमोर बसतो. धान खरेदी करणाऱ्या सहकारी संस्था आणि राइस मिल यांच्यासाठीचं हे सॉफ्टवेअर. खरेदी, साठा, बारदाना, मिलला माल पाठवणं, हमालांचा हिशेब, सगळं त्यात. कारखान्यांत, बँकांत, सरकारी खात्यांत अशीच अवाढव्य सॉफ्टवेअरं चालतात, त्यांना एंटरप्राइज सॉफ्टवेअर म्हणतात. ती विकत घेणारा एक असतो, वापरणारा दुसरा, आणि ज्याची नोंद होते तो तिसराच. या तिसऱ्या माणसाबद्दल भंडाऱ्यात मला जे कळलं, ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

कामाबरोबर एक कोडंही मिळालं. कंपनीनं याआधीच या स्क्रीनची नवी आवृत्ती काढली होती. मोठी अक्षरं, भरपूर मोकळी जागा, तीन टप्प्यांत विभागलेला फॉर्म, शेवटी हिरवी खूण. मला ती अगदी आमच्या पुस्तकातल्या नमुन्यासारखी वाटली. पण केंद्रावरच्या ऑपरेटरांनी प्रशिक्षणात ती वापरली आणि हंगाम सुरू होताच सगळे जुन्या स्क्रीनवर परतले. माझे वरिष्ठ म्हणाले, "का परतले ते आम्हाला नीट कळलेलं नाही. तू जा, बस, बघ. आधी काहीही रेखाटू नकोस."

हा २०२४-२५ चा खरीप हंगाम. मी नाशिककडची. कांदा आणि द्राक्षं यांच्या बाजारात वाढलेली, धानाचा गंध नाही. भंडारा म्हणजे वैनगंगेचा आणि तलावांचा जिल्हा. भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर असे सात तालुके, आणि कुठल्याही रस्त्याला लागलं तरी दोन्ही बाजूंना बांध्या. रोवणी पावसाळ्यात झालेली, आता कापणी-मळणी उरकून धान घराघरातून निघालेला. एचएमटी, जय श्रीराम, १०१० ही नावं मी पहिल्यांदा ऐकली. यातलं एचएमटी हे वाण शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून काढलं, हेही तिथंच कळलं. सॉफ्टवेअरमध्ये मात्र या सगळ्या नावांचे दोनच प्रकार होतात: साधारण आणि 'अ' दर्जा. त्या हंगामाचा हमीभाव साधारणला क्विंटलमागे २,३०० रुपये आणि 'अ' दर्जाला २,३२० रुपये.

मला नेमून दिलेलं केंद्र म्हणजे एक गोदाम, पुढं फरशीचं मोठं अंगण आणि कोपऱ्यात खिडकीची खोली. ट्रॅक्टर येतो, धानाचा ढीग लागतो. ग्रेडर मूठभर दाणे हातावर घेतो, फुंकर मारून तूस उडवतो, मग यंत्रात घालून ओलावा बघतो. सतरा टक्क्यांच्या आत असला तर पुढं. वर गेला तर धान तिथंच पसरून उन्हं खात पडतो आणि शेतकरी त्याच्या राखणीला. मग कट्टे भरतात, काटा होतो. कट्ट्यात चाळीस किलो धान, म्हणजे पंचवीस कट्ट्यांचे दहा क्विंटल. बारदान्याचं वजन वेगळं धरायचं. हमाल शिलाई करतात, थप्पी लागते, आणि आकडे लिहिलेली चिठ्ठी खिडकीतून आत येते. तिथं ती स्क्रीन.

खिडकीच्या आत बसणाऱ्या ताई बरीच वर्षं हेच काम करत होत्या. मी स्टूल घेऊन त्यांच्या मागं बसले. कॉलेजात शिकवल्याप्रमाणे त्यांची नजर स्क्रीनवर कुठं कुठं फिरते ते टिपायचं ठरवलं होतं, पण टिपायला काहीच मिळेना. ताई स्क्रीनकडे बघतच नव्हत्या. डावा हात चिठ्ठीवर, बोट एकेका आकड्याखाली सरकतंय, आणि उजवा हात कीबोर्डच्या आकड्यांवर. आकडा, एंटर. आकडा, एंटर. एंटर, एंटर, एंटर. एकेचाळीस रकान्यांतले जेमतेम चौदा त्या भरत होत्या, बाकीचे एंटरच्या ठेक्यावर ओलांडत होत्या. कुठं किती एंटर मारायचे ते त्यांच्या बोटांना पाठ होतं. स्क्रीनकडे त्या फक्त शेवटी एकदा बघायच्या, ते बेरीज जुळली का हे पाहायला.

मी विचारलं, "ताई, नवी स्क्रीन का नाही वापरत?"

त्या म्हणाल्या, "दिसाले चांगली आहे ना जी ते. पन तिच्यावर बोटं नाही चालत. दर वेळी माउस पकडा लागते. तीनदा 'पुढे' दाबा, अन् दर 'पुढे'ले चक्र फिरते. बाहेर लाइन पाहा ना, मॅडम."

खिडकीबाहेर ट्रॅक्टरांची रांग अंगणाच्या फाटकाबाहेर गेली होती.

जेकब निल्सन या तज्ज्ञानं १९९४ मध्ये मांडलेले इंटरफेसचे दहा नियम आम्हाला तोंडपाठ करायला लावले होते. त्यातला एक असा की सराईत माणसाला जलद वाट मोकळी हवी, नवख्याला ती दिसली नाही तरी चालेल. परीक्षेत मी तो लिहिला होता. त्याचा अर्थ त्या खोलीत कळला. नवी स्क्रीन पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्यासाठी बांधलेली होती, आणि इथं पाहुणा कुणी येतच नाही. येतात ते रोज तीच नोंद शेकडो वेळा करणारे हात. त्यांच्यासाठी मोकळी जागा म्हणजे जादा अंतर, आणि तीन टप्पे म्हणजे तीनदा थांबणं. ते एकेचाळीस रकाने एकाच पानावर असणं हाच जुन्या स्क्रीनचा गुण होता.

मग जुनी स्क्रीन चांगली का? तसंही नव्हतं, आणि हे लक्षात आल्यावर माझा गोंधळ आणखी वाढला. ताईंच्या कीबोर्डचं दशांशाचं बटण कधी लागायचं, कधी नाही. ओलावा १६.४ टाकायचा तर १६४ पडायचा. स्क्रीन त्या वेळी काहीच बोलायची नाही. पुढचे सगळे रकाने भरून 'सेव्ह' केलं की मग इंग्रजीत एक लाल ओळ यायची: नोंद अवैध. कुठला रकाना, काय चुकलं, काही नाही. नवखा माणूस डोकं धरून बसेल. ताई मात्र न वाचताच थेट ओलाव्याच्या रकान्यावर जायच्या. सॉफ्टवेअरचा दोष त्यांनी आपल्या सवयीत मुरवून टाकला होता. असे दोष शोधणं फार अवघड, कारण ते भोगणारा माणूस त्यांना दोष म्हणायचं सोडून देतो. "काही अडचण येते का?" असं मी विचारलं की "नाही जी, जमते" एवढंच उत्तर यायचं. अडचणी दिसायच्या त्या मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या कागदांवर, टेबलाच्या काचेखाली सरकवलेल्या यादीत, आणि शेजारच्या वहीत समांतर चाललेल्या हिशेबात. जिथं जिथं सॉफ्टवेअरवर विश्वास नव्हता, तिथं तिथं एक कागद होता. मी त्या कागदांचे फोटो काढत गेले आणि माझ्या कामाची यादी आपोआप तयार होत गेली.

काचेखालच्या एका चिठ्ठीवर नुसतं लिहिलं होतं: "मुरमाडी वरची सावरी, खालची तुपकर." लाखनी तालुक्यात मुरमाडी (सावरी) आणि मुरमाडी (तुपकर) अशी दोन गावं आहेत. सॉफ्टवेअरच्या गावयादीचा रकाना इतका अरुंद की कंसातला भाग कापला जायचा आणि एकाखाली एक दोन 'मुरमाडी' दिसायच्या. वरचं कुठलं, खालचं कुठलं, हे ताईंनी एकदा शोधून लिहून ठेवलं होतं. रजेवर गेल्या तर बदली माणसानं चिठ्ठी बघायची. म्हणजे एका गावचा धान दुसऱ्या गावाच्या नावावर न चढण्याची हमी त्या चिठ्ठीवर उभी होती.

रकान्याची उंचीही अशीच. ती इंग्रजी अक्षराच्या मापानं ठरवलेली, त्यामुळे देवनागरीतला वरचा रफार आणि खालचा उकार अर्धवट कापला जायचा. आपली लिपी शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली अशा दोन्ही अंगांनी वाढते, तिला ओळीत जास्त जागा लागते. पवईच्या आयआयटीत १९६९ साली सुरू झालेल्या औद्योगिक डिझाइन केंद्रात शिकवणारे र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' हा फॉन्ट घडवला, तेव्हापासून देवनागरी विंडोजच्या संगणकांवर सहज पोचली. एवढं मोठं काम होऊन गेलेलं असताना एका रकान्याची उंची वाढवायला कुणाला सवड झाली नव्हती. ही दुरुस्ती मात्र आमच्या प्रोग्रामर मित्रानं एका दुपारीच करून दिली.

असल्या बारीक गोष्टींनी काय बिघडतं, असं कुणी विचारलं तर मी सिटी बँकेचं उदाहरण देते. ऑगस्ट २०२० मध्ये या बँकेला रेव्हलॉन कंपनीच्या कर्जदात्यांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज पाठवायचं होतं. बँकेच्या फ्लेक्सक्यूब या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दल बाहेर जाऊ द्यायचं नसेल तर एक नाही, तीन रकाने भरावे लागत. पडद्यावरून तसं उमगत नव्हतं. नोंद करणाऱ्यानं एकच भरला. तपासणाऱ्यानं पाहिलं, मंजुरी देणाऱ्यानं पाहिलं, तिघांनाही ते बरोबरच वाटलं, आणि जवळजवळ ९० कोटी डॉलर निघून गेले. त्यातले सुमारे ५० कोटी परत मिळवायला बँकेला सप्टेंबर २०२२ च्या अपिलातल्या निकालापर्यंत लढावं लागलं. फ्लेक्सक्यूब मूळचं आपल्याच देशातल्या आय-फ्लेक्स कंपनीचं, पुढं ती ओरॅकलकडे गेली. बँकेकडे वकील होते, न्यायालय होतं. भंडाऱ्यातल्या शेतकऱ्याचे पंचवीस कट्टे दुसऱ्याच खात्यावर चढले, तर त्याला फेऱ्या मारण्याखेरीज काही हातात नसतं.

तो शेतकरी खिडकीबाहेर उभा असतो. हे मला दिसत होतं, पण माझ्या नोंदवहीत 'वापरकर्ता' या शीर्षकाखाली मी फक्त ताईंबद्दल लिहीत होते. एका दुपारी पवनीकडचे एक आजोबा खिडकीच्या गजांना धरून आत वाकले. चिठ्ठी ताईंच्या हातात, मॉनिटरची पाठ त्यांच्याकडे. त्यांनी मला हाक मारली, "बाई, माया नावावर किती कट्टे चढले ते पाहून सांग ना वो."

मी बघून सांगितलं. त्यांनी विचारलं, "वजन?" तेही सांगितलं. मग हळूच म्हणाले, "बँक कोनती लिवली?" मी वाचून दाखवलं. ते खातं त्यांचं होतं, पण जुनं. गेल्या वर्षभरात त्यांनी त्यात व्यवहार केला नव्हता आणि ते चालू आहे की नाही याची त्यांना खात्री नव्हती. ताईंनी तिथल्या तिथं पासबुक मागितलं आणि दुरुस्ती झाली. ते विचारायचे राहिले असते तर हा घोळ कधी उघड झाला असता? चुकारे जमा व्हायच्या वेळी. सगळ्या गावाचे पैसे आले, आपले का नाही, हे विचारत आजोबा पुन्हा त्याच खिडकीशी आले असते, आणि तेव्हा नोंद कायम झालेली असती. कायम झालेली नोंद बदलायला केंद्रावर कुणाला अधिकार नसतो. अर्ज वर जातो, आणि वरून उत्तर येईपर्यंत खत-बियाण्याची उधारी, सोसायटीचं कर्ज, घरातलं लग्न, यातलं काहीच थांबत नाही.

'युजर एक्सपिरियन्स' हा शब्दप्रयोग डॉन नॉर्मन यांनी १९९३ मध्ये अ‍ॅपलमध्ये काम करताना रूढ केला. पडद्यावरच्या सोयीपुरता विचार त्यांना अपुरा वाटत होता, माणसाचा त्या व्यवस्थेशी येणारा सगळा संबंध त्यात यावा अशी त्यांची इच्छा होती. आजोबांचा त्या सॉफ्टवेअरशी संबंध ताईंपेक्षा किती तरी मोठा होता. ताईंची एक नोंद होती, आजोबांचं वर्ष होतं. तरी स्क्रीनची त्यांच्याकडे पाठ.

यानंतर माझं काम एकदम स्पष्ट झालं. जुनी स्क्रीन मोडायची नाही. एंटरचा ठेका तसाच ठेवायचा, माउसला हात न लावता सगळं झालं पाहिजे. रकाने चिठ्ठीवरच्या क्रमानं लावायचे, म्हणजे बोट आणि नजर बरोबर चालतील. न भरायचे रकाने दुमडून बाजूला, पण एका बटणात उघडणारे, कारण सामाईक सातबारा असला की संमतीपत्राचा रकाना लागतोच. ओलाव्याचा आकडा अशक्य असेल तर स्क्रीननं त्याच क्षणी, त्याच रकान्याशेजारी, मराठीत सांगायचं. गावाचं नाव पूर्ण दिसायचं. वीज गेली तर अर्धवट नोंद जिथं थांबली तिथूनच उघडायची.

आणि एक नवीन गोष्ट: नोंद कायम करण्याआधी ती शेतकऱ्याला दिसली पाहिजे. संस्थेच्या अडगळीत एक जुना मॉनिटर पडून होता. तो आम्ही खिडकीत बाहेर तोंड करून ठेवला आणि त्यावर सहाच गोष्टी दाखवल्या: नाव, गाव, कट्टे, निव्वळ वजन, होणारी रक्कम, आणि बँकेच्या नावासह खात्याचे शेवटचे चार आकडे. पूर्ण खाते क्रमांक रांगेतल्या चार लोकांसमोर दाखवायचा नाही, हे ताईंनीच सुचवलं. अक्षरं इतकी मोठी की गजाबाहेरून वाचता यावीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ताई ते सहा तपशील मोठ्यानं म्हणतात, आणि हे वाचणं झाल्याखेरीज 'कायम करा' हे बटण उघडत नाही.

संस्थेच्या व्यवस्थापकांना हे पटत नव्हतं. "लाइन वाढेल. अन् लोक खिडकीवरच भांडतील," ते म्हणाले. त्यांची काळजी खरी होती. संध्याकाळी गोदाम बंद करायचं असतं, हमालांना घरी जायचं असतं, आणि उघड्यावर राहिलेल्या धानावर अवकाळी पाऊस पडला तर जाब त्यांनाच द्यावा लागतो. एका केंद्रावर, एकाच खिडकीत करून बघू, एवढ्यावर ते तयार झाले.

लोक खरंच बोलू लागले. "माह्या नावात 'राव' नाही लिवत," कुणी सांगितलं. कुणाचे दोन कट्टे कमी लागलेले, ते थप्पीवर जाऊन पुन्हा मोजले. कुणी रक्कम बघून गप्पच झालं, मग बोटांवर हिशेब करून मान डोलावली. नोंदीला थोडा जास्त वेळ लागत होता, पण ठेका कायम राहिल्यानं आणि लाल ओळीत अडकणं बंद झाल्यानं तो बराचसा भरून निघाला. आधी जी भांडणं महिन्या-दोन महिन्यांनी, काही करता येत नसताना व्हायची, ती आता धान अंगणात आणि माणूस समोर असताना होऊ लागली. आणि वाद होण्याची योग्य वेळ तीच, असं आता मला ठामपणे वाटतं. चूक दुरुस्त होऊ शकते तोवरच ती दिसली पाहिजे. पुढं व्यवस्थापकांनीच दुसऱ्या खिडकीसाठी मॉनिटर मागितला.

सगळे प्रश्न सुटले असं नाही. एक तरुण बाप लेकराला कडेवर घेऊन आला होता. बटईनं केलेल्या शेतातला धान घेऊन. राबणारा तो, सातबारा मालकाचा. पैसे मालकाच्या खात्यात जाणार, मग मालक देईल तेव्हा याच्या हातात. बाहेरच्या पडद्यावर दुसऱ्याचं नाव वाचून तो काहीच बोलला नाही, कारण नोंद नियमाप्रमाणे बरोबर होती. एकेचाळीस रकान्यांत त्याच्यासाठी एकही नव्हता. असा रकाना इंटर्ननं मनानं वाढवता येत नाही, त्याला कायद्याचा आधार लागतो. पण ही माणसं खिडकीशी येतात, धान घालतात आणि कुठल्याही नोंदीत न उतरता परत जातात, हे मी माझ्या अहवालात पहिल्या पानावर लिहिलं. रंग, अक्षरं, बटणं यांच्याबद्दलचं सगळं त्यानंतर.

एंटरप्राइज सॉफ्टवेअरचं डिझाइन हा कंटाळवाणा विषय आहे असं माझ्या वर्गातल्या बहुतेकांना वाटतं. देखणं काही करायला मिळत नाही, कामाची कुणी तारीफ करत नाही. मी मात्र याच कामात राहायचं ठरवलं आहे. आपल्या देशात माणसाचा धान, रेशन, पेन्शन, दवाखान्यातली खाट, यातलं बहुतेक कुठल्यातरी करड्या स्क्रीनवर कुणीतरी दुसरा माणूस भरत असतो. त्या दुसऱ्या माणसाचे हात न अडखळता चालावेत आणि तिसऱ्याला आपल्याबद्दल काय लिहिलं जातंय ते वेळेत कळावं, या दोन गोष्टी साधणं हे पूर्ण आयुष्याचं काम आहे. ते करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला मी एवढंच सांगेन: ऑपरेटरच्या मागं स्टूल टाकून बसाच. मग उठा, बाहेर जा, आणि रांगेत उभे राहून त्याच खिडकीतून आत बघा.